बर्फाच्या कारखान्यातला योना

आमच्या चर्चमधली पोरं त्याला योना काका म्हणतात. प्रेमानंच म्हणतात, त्यांचा काही दोष नाही. पण ते नाव कानावर पडलं की हातातला डाव कुणाच्या तरी डोक्यात घालावासा वाटतो मला. त्याचं नाव प्यो दल-सू. मोकचिन बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात तो कामाला आहे. लाद्या फोडायच्या आणि चुरा बोटींत भरायचा, हे त्याचं काम. रविवारी उपासना झाली की तो माझ्या स्वयंपाकघरात येतो, बाह्या सरसावतो आणि सगळ्यांच्या नूडल्सची भांडी घासतो. मी सोक ग्वी-नाम. या चर्चच्या चुलीपुढं माझं निम्मं आयुष्य गेलंय, त्यामुळं कोण किती खातो आणि कोण किती बोलतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

दल-सू काहीच बोलत नाही. एकदा बर्फाची अख्खी लादी त्याच्या पायावर पडली. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं, तसाच लंगडत भांडी घासायला आला. मी म्हटलं, "दुखत नाही का रे?" म्हणाला, "बरं आहे, काकू." रश्शात मीठ दुप्पट पडलं तरी बरं आहे. कुणाचं लग्न ठरलं, बरं आहे. कुणी मेलं तर मान खाली घालतो, पण चेहरा तोच. भजनाला सगळ्यांबरोबर उभा राहतो आणि ओठ मिटलेले असतात. सुरुवातीला मला राग यायचा. मग कीव यायची. पुढंपुढं काहीच येईनासं झालं. बर्फात हात घालून बसलं की आधी दुखतं, मग दुखायचं थांबतं, तसंच झालं असावं सगळ्यांचं.

मुळापासून सांगते. त्याची आई सुन-रे, आता आम्ही तिला आजी म्हणतो. तिला ओळीनं मुलीच झाल्या. सासू तिला उठता-बसता घालून पाडून बोलायची. तेव्हा सुन-रे कडाक्याच्या थंडीत पहाटेच्या प्रार्थनेला येऊन देवाला नवस बोलली, की मुलगा दे, मी तो तुझ्या पायाशी वाहीन, पाळक करीन. मुलगा झाला. आमच्याकडं असा नवस म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पोर पाळण्यात असतानाच चर्चचं होऊन जातं. पहिल्या वाढदिवसाला आम्ही बाळापुढं दोरा, पेन्सिल, नोटा, धनुष्य असं काय काय मांडतो आणि बाळ काय उचलतं त्यावरून ते पुढं कोण होणार ते बघतो. सुन-रेनं दल-सूपुढं नुसतं बायबल ठेवलं. दुसरं काही नव्हतंच, तेव्हा पोरानं तेच उचललं. सगळे म्हणाले, "बघा! बघा!" मीही म्हणाले असेन.

मग काय, सगळं गाव त्याला 'छोटे पाळकसाहेब' म्हणायला लागलं. पोरानं कुणाची काच फोडली तर 'पाळकसाहेबांनी काच फोडली', नाक शिंकरलं तर 'पाळकसाहेबांनी नाक शिंकरलं'. त्याच्या पाठीवर दल-हो झाला. त्याच्यासाठी कुणी काही नवस बोललं नव्हतं, त्यामुळं त्याच्याकडून कुणाला काही नको होतं. तो शाळा संपल्यावर बोंग कप्तानाच्या माकूळ धरायच्या बोटीवर चढला आणि मजेत राहिला.

दल-सूला पाळकांच्या कॉलेजात सोलला धाडलं. सगळ्या चर्चनं मिळून बसमध्ये बसवलं, बायकांनी डबे दिले. वर्षभरानं तो त्याच बसमधून परत आला. का आलास, तर काही नाही. आईनं त्याला उंबऱ्यातून आत घेतलं नाही. मग तोही भावाबरोबर बोंग कप्तानाच्या बोटीवर गेला. हा कप्तान म्हणजे आमच्या चर्चच्या लेखी नरकाचं पहिलं गिऱ्हाईक. नव्या वर्षाला डेकवर डुकराचं मुंडकं मांडून समुद्राला दारू पाजायचा, सुकाणूच्या वर पांढऱ्या दोऱ्यानं सुकी मासळी बांधून ठेवायचा. देवाला वाहिलेला पोरगा तिथं गेला म्हटल्यावर लोक कुजबुजायला लागले, की बायबलातला योना देवाला चुकवून तार्शीशच्या गलबतावर चढला तेव्हा वादळ आलं आणि त्याला समुद्रात फेकावं लागलं; हाही तसाच चढलाय, आता बघा.

त्याच वर्षी शरद ऋतूत दल-हो समुद्रात गेला. एकटा तोच गेला, बाकीचे सगळे परत आले. देह मिळाला नाही. पेटी रिकामी पुरायची कशी, म्हणून त्याचे सणाचे कपडे घडी करून आत ठेवले. बोंग कप्तान दारात येऊन गुडघे टेकून बसला होता. सुन-रे बाहेर आली, डोळे कोरडे ठणठणीत. दल-सू शेजारीच उभा होता. त्याच्याकडं न बघता ती कप्तानाला म्हणाली, "समुद्राला योना पाहिजे होता. तुम्ही चुकीचा पोरगा दिलात."

बस, एवढंच. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं म्हणतात ना, पण ती तसं बोलली नव्हती. तिचा त्यावर विश्वास होता. चर्चमधल्या सगळ्यांचाच होता. त्यानंतर मायलेक एकमेकांशी बोलले नाहीत. ती पहिल्या बाकावर बसायची, तो शेवटच्या. ती म्हातारी झाली, त्याचे केस पांढरे झाले, माकूळ समुद्रातून नाहीसे होत आले, पण बाक काही बदलले नाहीत.

यंदाच्या थंडीत चर्चमध्ये तरुणांचं शिबिर भरलं. बंदरात तरुण उरलेत किती? निम्मे सोलला पळालेत. उरलेल्यांना धरून ठेवायला आमचे नवे धर्मोपदेशक थाक साहेब धडपडत असतात. स्वतःच पोरगेलेसे आहेत, पण मनानं चांगले. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'योनापासून तरुणांनी शिकायचे पाच धडे.' पहिला, देव बोलावतो तेव्हा पळू नये. दुसरा, पळालात तर वादळ मागं लागतं. तिसरा, तुमच्या पळण्यानं दुसरे बुडतात. चौथा आणि पाचवा मला सांगता येणार नाही, तोवर इकडं माझा रस्सा उतू गेला.

हे धडे सगळ्यांसाठी लिहिले होते, पण डोळा होता एकीवर. दा-सोम. वीस वर्षांची पोर. तान्ही असताना तिच्या मेंदूत ताप गेला होता, तेव्हा तिच्या आईनं, ग्योंग-नाननं, देवाला शब्द दिला होता की पोर वाचव, तिला मिशनरी करून परदेशी धाडीन. पोर वाचली, आणि आता म्हणते, मला गोजेला जायचंय, जहाजाच्या कारखान्यात वेल्डिंग शिकायला. जागाही मिळाली होती तिला. अशात ग्योंग-नानच्या गळ्यात गाठ निघाली. आता ग्योंग-नान काय म्हणणार? "हा इशारा आहे," म्हणाली. पोरीसमोर म्हणाली.

थाक साहेब स्वयंपाकघरात आले आणि दल-सूला म्हणाले, "दादा, उद्या पोरांसमोर तुमची साक्ष द्याल? फार नको, दहा मिनिटं. जे झालं ते सांगा."

"मला बोलता येत नाही," दल-सू म्हणाला.

"मोशेही हेच म्हणाला होता!"

"माझं वय झालंय."

"यिर्मया म्हणाला, मी लहान आहे. देवानं ऐकलं का?" साहेब खुशीत आले. बायबलात नको म्हणणाऱ्यांची रांगच आहे, आणि साहेबांना सगळे तोंडपाठ.

"साहेब, मला जमणार नाही," दल-सूनं तिसऱ्यांदा सांगितलं आणि नळ सोडला. मी साहेबांना म्हटलं, "अहो, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? जाऊ द्या त्याला." साहेब हिरमुसले होऊन गेले.

ते जाताच दा-सोम आत आली. ती दारामागंच उभी असणार. सरळ दल-सूपाशी गेली. म्हणाली, "योना काका, एक विचारू? तुम्ही पळालात म्हणून तुमचा भाऊ गेला, हे खरंय?"

मी म्हटलं, "ए भवाने, काय विचारतेस?"

"मला कळायला पाहिजे, काकू. मी गोजेला गेले आणि आईचं ऑपरेशन बिघडलं तर? मग ते माझ्यामुळंच ना?" तिचा आवाज सपाट होता. रडत वगैरे नव्हती. "तसं असेल तर मी जाते मिशनरी म्हणून. वेल्डिंगचं काय एवढं? फक्त खरं काय ते सांगा."

दल-सूच्या हातात वाडगा होता. तो भरून वाहायला लागला, पाणी त्याच्या बाहीत शिरलं, तरी तो तसाच उभा. पोर वाट बघून निघून गेली. तिचा तो चेहरा मला ओळखीचा होता. दर रविवारी शेवटच्या बाकावर बघत होते मी तो.

दल-सूनं नळ बंद केला आणि म्हणाला, "काकू, साहेबांना सांगा, बोलतो म्हणून."

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉलमधली जमीन खालून छान तापवली होती, पोरं मांडी घालून बसली होती. बातमी गावभर झाली होती, त्यामुळं मोठी माणसंही आली. ग्योंग-नान गळ्याला रुमाल बांधून आली. आणि सुन-रे आजी. तिला खाली बसता येत नाही, तिला पुढं खुर्ची दिली. मी दारात उभी राहिले, हात पुसत.

दल-सू फळ्यापुढं उभा राहिला. कारखान्यातला जाड कोट काढायला विसरला होता.

"मला पाच धडे येत नाहीत," तो म्हणाला. "मी कॉलेजात वर्षभर होतो. रोज पहाटे गुडघे टेकून ऐकत बसायचो. बाकीच्या मुलांना काय काय ऐकू यायचं. मला तळघरातला बॉयलर ऐकू यायचा."

एक पोरगा फिस्सकन हसला आणि घाबरून गप्प झाला.

"हस, हस. मलाही तेव्हा हसायला यायचं." साहेबांना वाटलं झालं, ते उठायला लागले. तेवढ्यात तो बोलला, "योनाशी देव बोलला होता. ऊठ, निनवेला जा. गावाचं नावसुद्धा सांगितलं होतं. तो पळाला, तो ऐकून पळाला. माझ्याशी कुणी काही बोललं नव्हतं. मला आईनं सांगितलं होतं. आईचं ऐकलं नाही की माणूस वाईट मुलगा होतो. योना होत नाही."

सुन-रे आजी समोर बघत होती. तिच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही.

"त्या गोष्टीत खलाशी आहेत," तो म्हणाला. "आपण त्यांचं भराभर वाचून टाकतो. परक्या देवाची माणसं ती, जो तो आपापल्या देवाला हाका मारत होता. योना म्हणाला, माझ्यामुळं झालंय, मला फेका. तरी त्यांनी लगेच फेकलं नाही. आधी वल्ही मारली. त्याला घेऊन किनाऱ्याला लागता येतं का, ते बघितलं. आमच्या बोटीवर बोंग कप्तान होते. दल-हो गेला तेव्हा मी उडी मारायला धावलो, तर सगळ्यांनी मला पट्ट्याला धरून पाडलं आणि माझ्या पाठीवर बसले. वादळ वाढत होतं, रेडिओवर परत फिरा म्हणून ओरडत होते. कप्तान दुपारपर्यंत तिथंच घिरट्या घालत राहिले, तेल संपत आलं तरी. हे कुणामुळं झालं, असं बोटीवर एकानंही विचारलं नाही. ते मी बंदरात उतरल्यावर ऐकलं."

तो दा-सोमकडं वळला. "तुझ्या आईच्या गळ्यात गाठ आहे. ती नुसती गाठ आहे. डॉक्टर काढतील. निघेल किंवा नाही निघणार, पण तू हातात बायबल धरलंयस की वेल्डिंगचं हत्यार, ते गाठीला कळत नाही."

ग्योंग-नान ताडकन उठली. "दल-सू, तुम्हाला बोलायला काय जातंय? मी देवाला शब्द दिलाय, शब्द!"

"दिलाय ना, ताई. मग तुम्ही जा."

"कुठं?"

"मिशनरी म्हणून. शब्द तुमचा आहे, तुम्ही जा. घर दा-सोम बघेल."

माझ्या तोंडून हसू फुटलंच. तो मात्र अगदी गंभीरपणे सांगत होता, पत्ता सांगावा तसा. ग्योंग-नान तोंड उघडून उभी राहिली, मग मटकन खाली बसली. दा-सोम पोरांतून उठून तिच्याजवळ गेली आणि तिच्या बाहीला धरून बसली. ग्योंग-नाननं बाही सोडवून घेतली नाही. पुढचं आताच सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला नको. गाठ निघाली, आणि मार्चमध्ये दा-सोम गोजेला गेली. ग्योंग-नान अजून दल-सूशी बोलत नाही, पण पोरीची गादी बसस्टँडवर तिनंच डोक्यावरून नेली.

त्या दुपारचं मात्र संपलं नव्हतं. साहेब आता प्रार्थना करू या म्हणून उठले, तेवढ्यात पुढच्या खुर्चीतून आवाज आला.

"मग माझा दल-हो का गेला?"

सुन-रे आजी. तिनं मान वळवली नव्हती. कुणाला विचारतेय ते नाव घेऊन सांगितलंही नाही. पण ते सगळ्यांना कळलं.

दल-सू म्हणाला, "लाटेनं गेला, आई."

"मी का ते विचारतेय."

"का ते मला माहीत नाही. कसा गेला तेवढं माहीत आहे."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या बाईनं आपला मुलगा कसा गेला, ते कधी विचारलंच नव्हतं. का गेला ते तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, मग कसा ते विचारायची गरजच पडली नाही. आणि दल-सू ते सगळं पोटात घेऊन कारखान्यात बर्फ फोडत राहिला.

आजीनं हातातली काठी मांडीवर आडवी ठेवली. ती म्हणाली, "सांग मग."

"पहाटे परत येत होतो," दल-सू म्हणाला. "बोट भरलेली होती. तो मागच्या बाजूला डेक धूत होता. मागून लाट आली. त्याची पाठ होती तिकडं. त्याला ती दिसलीसुद्धा नसेल."

"ओरडला?"

"नाही. वेळच नव्हता."

"पाणी गार होतं?"

"हो."

पोरं खाली माना घालून बसली होती. कुणी रडत नव्हतं. मलाही रडू आलं नाही. मला वाटलं, आता ती तेच जुनं वाक्य पुन्हा म्हणणार. किंवा उठून निघून जाणार.

आजी म्हणाली, "जेवला होता का?"

दल-सूचा आवाज पहिल्यांदाच हलला. "जेवला होता, आई. मला मळमळत होतं, मी पातेलं त्याच्यापुढं सरकवलं. माझंसुद्धा त्यानंच संपवलं."

"काय होतं?"

"भात आणि माकळाचा रस्सा."

"सगळं संपवलं?"

"सगळं. तळाची खरवडसुद्धा पळीनं काढून खाल्ली."

आजीनं मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा. मग ती खुर्चीतल्या खुर्चीत वळली आणि तिनं दल-सूकडं बघितलं.

"खरवड फार आवडायची त्याला," ती म्हणाली.

"हो, आई," दल-सू म्हणाला. "फार."